टाळं लागलेल्या नाटकघरातले नट

1697 साली चौदाव्या लुईच्या हुकमाने पॅरिसच्या ओतेल द बुर्गोन्य या नाटकघराला टाळं लागलं आणि तिथल्या इटालियन नटमंडळींना गाशा गुंडाळावा लागला. राजाने गुपचूप लग्न केलेल्या मादाम द मँतनाँची ते नाटकातून खिल्ली उडवणार होते, असं कारण तेव्हापासून सांगतात. चित्रकार आंत्वान वातो त्या वर्षी जेमतेम बारा-तेरा वर्षांचा, तोही दूर वालांसिएन गावात. पुढे त्याने ही हकालपट्टी रंगवली, न पाहताच! मूळ चित्र हरवलं, त्यावरून केलेली छपाई तेवढी उरली.

1702 च्या सुमारास वातो पॅरिसला आला तेव्हा इटालियन नाटक उरलं होतं ते सँ-जेर्मँ आणि सँ-लोराँच्या जत्रांमध्ये. जत्रेतल्या नटांनी इटालियनांची सोंगं आणि मुखवटे सरळ उचलले होते. कोमेदी-फ्रांसेज या राजमान्य मंडळीकडे फ्रेंच नाटकांचा मक्ता होता, तिने खटले भरून जत्रेतले संवाद बंद पाडले. मग एकच नट बोलायचा, बाकीचे खाणाखुणा करायचे. तेही अडवलं गेलं. शेवटी पदं फलकांवर लिहून धरायला लागले आणि ओळखीच्या चालीवर प्रेक्षकच ती गायचे. काही खेळांत कामदेवाच्या वेषातली दोन पोरं वर लटकून फलक उलगडायची. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला ही युक्ती नक्की आवडली असती.

बोलायची बंदी, म्हणून सगळी मदार अंगावर. चित्रकाराला याहून काय हवं? वातोचा गुरू क्लोद जिलो याच मुशीतला. त्याच्या लूव्रमधल्या एका चित्रात चिंचोळ्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर अडकल्या आहेत आणि आत बायकांच्या वेषातले नट हुज्जत घालताहेत. प्रसंग 1695 च्या इटालियन नाटकातला, चित्र त्यानंतर दहाएक वर्षांनी काढलेलं. म्हणजे ही चित्रं नाटकाचा वृत्तांत म्हणून बघू नयेत. त्यात आठवण आहे, ऐकीव गोष्टी आहेत आणि जत्रेत पाहिलेलं थोडंफार आहे.

1715 मध्ये राजा वारला. पुढच्याच वर्षी राज्य सांभाळणाऱ्या फिलिप द'ऑर्लेआंने लुइजी रिक्कोबोनीची इटालियन मंडळी बोलावून घेतली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वातोने पिएरो, म्हणजे इटालियन नाटकातला भोळा विदूषक, रंगवला. ‘जिल’ या नावानेही ओळखलं जाणारं हे चित्र जवळपास माणसाच्या उंचीचं आहे. पांढरा सैल अंगरखा, विजार घोट्याच्या वर, हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबकळलेले. मुखवटा नाही, विनोदही नाही. पुढे त्याच्या उदास चेहऱ्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. 1721 मध्ये, छत्तिशीत, वातो गेला. म्हणून या चेहऱ्यात त्याचंच दुखणं वाचणारेही पुष्कळ. मला ते पटत नाही. पिएरोच्या मागे, खालच्या अंगाला, काळ्या कपड्यातला डॉक्टर, हेही त्याच नाटकांतलं एक ठरलेलं सोंग, गाढवावर बसून मिश्कील हसतो आहे आणि त्या गाढवाचा एक डोळा थेट आपल्यावर रोखलेला आहे.