पल्स शेप डिस्क्रिमिनेशन (न्यूट्रॉन आणि गॅमा वेगळे ओळखणं)

पल्स शेप डिस्क्रिमिनेशन, ज्याला लॅबमधे सगळे नुसतं पीएसडी म्हणतात, म्हणजे सिंटिलेटरमधून (कण आदळला की चमकणाऱ्या पदार्थातून) निघालेल्या प्रकाशाच्या पल्सचा आकार बघून ती न्यूट्रॉनची की गॅमाची हे ठरवायची पद्धत. ही लागते कारण जिथे न्यूट्रॉन असतात तिथे गॅमा जवळपास नेहमीच असतात, बरेचदा कितीतरी जास्त संख्येने, आणि ऑरगॅनिक (कार्बनी रेणूंचा) सिंटिलेटर दोघांनाही चमकतो. हा घोळ न्यूट्रॉनच्या शोधाइतकाच जुना आहे. १९३२ च्या जानेवारीत इरेन क्युरी आणि फ्रेडरिक जोलिओ यांनी बेरिलियममधून येणारे किरण पॅराफिनमधून प्रोटॉन उडवतात हे दाखवलं, पण ते किरण त्यांना गॅमाच वाटले, आणि पुढच्याच महिन्यात चॅडविक यांनी सांगितलं की हा साधारण प्रोटॉनएवढ्या वस्तुमानाचा, चार्ज नसलेला कण असावा.

आता डिटेक्टरच्या आत काय होतं ते बघू. गॅमा इलेक्ट्रॉनला धक्का देतो (कॉम्प्टन स्कॅटरिंग), वेगवान न्यूट्रॉन मुख्यतः हायड्रोजनच्या न्यूक्लियसला म्हणजे प्रोटॉनला. इलेक्ट्रॉन लांब पळतो आणि एनर्जी वाटेत विरळ सांडत जातो, प्रोटॉन जड, तो तेवढीच एनर्जी अगदी थोड्या अंतरात ओततो. त्या दाटीत रेणूंच्या सिंगलेट अवस्था (लगेच प्रकाश देणाऱ्या उत्तेजित अवस्था) एकमेकींना मारतात, म्हणून काही नॅनोसेकंदात येणारा झटपट प्रकाश कमी पडतो. ट्रिपलेट या दुसऱ्या प्रकारच्या उत्तेजित अवस्थांना मात्र सरळ चमकता येत नाही, दोन ट्रिपलेट भेटल्या तरच एक सिंगलेट बनते आणि मग उजेड पडतो, हे व्हायला शेकडो नॅनोसेकंद लागतात. म्हणून प्रोटॉनच्या पल्समधे उशिरा येणाऱ्या प्रकाशाचा वाटा जास्त, म्हणजेच शेपूट जाड. सगळी पद्धत त्या शेपटावर उभी आहे, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते, की कण कधीच थांबून गेलेला असतो आणि त्याची ओळख मागून येणाऱ्या मंद उजेडात सापडते.

मोजायला सोपं आहे: शेपटातला चार्ज भागिले पूर्ण पल्सचा चार्ज, आणि हे गुणोत्तर एनर्जीसमोर मांडलं की दोन पट्टे दिसतात, वरचा न्यूट्रॉनचा, खालचा गॅमाचा. पूर्वी हे ॲनालॉग सर्किटने करायचे (ब्रूक्स यांचं १९५९ चं काम पायाभूत मानतात), आता डिजिटायझर (सिग्नलचे आकडे करणारं उपकरण) पूर्ण पल्स साठवतो आणि हिशोब नंतरही करता येतो. पट्टे किती सुटे आहेत हे फिगर ऑफ मेरिटने सांगतात, म्हणजे दोन शिखरांमधलं अंतर भागिले त्यांच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदींची बेरीज.

खरी अडचण कमी एनर्जीला. प्रोटॉनचा प्रकाश मुळातच कमी, १ एमईव्हीचा (मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एनर्जीचं माप) प्रोटॉन साधारण ०.२ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनएवढाही जेमतेम चमकतो, त्यामुळे शेपटात मोजायला फोटॉनच उरत नाहीत आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. दुसरी अडचण पाइल-अपची, म्हणजे पल्स एकमेकींवर चढण्याची: दोन गॅमा पाठोपाठ आले तर दुसऱ्याचा उजेड पहिल्याच्या शेपटात पडतो आणि गॅमा न्यूट्रॉनच्या वेषात मोजला जातो, म्हणून असल्या पल्स आधी शोधून बाजूला काढाव्याच लागतात.

मटेरियलमधे स्टिल्बीनचे क्रिस्टल पीएसडीला उत्तम, फक्त प्रोटॉन क्रिस्टलमधून कुठल्या दिशेने गेला त्यावर प्रकाश थोडा बदलतो. एनई-२१३ सारखे लिक्विड सिंटिलेटर वर्षानुवर्षं वापरात आहेत, पण ते झायलीनवर आधारित म्हणजे ज्वलनशील, आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन ट्रिपलेट एकमेकींना भेटण्याआधीच त्यांना विझवतो, म्हणून भरताना नायट्रोजन किंवा आर्गॉनचे बुडबुडे सोडून तो हाकलतात, हे नीट केलं नाही तर शेपूटच गायब होतं. साध्या प्लास्टिक सिंटिलेटरमधे डाय (प्रकाश देणारा, मिसळलेला पदार्थ) इतका कमी असतो की ट्रिपलेट एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. २०१२ मधे लॉरेन्स लिव्हरमोर लॅबच्या गटाने पीपीओ हा डाय वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढवून प्लास्टिकमधेही चांगलं पीएसडी मिळवून दाखवलं.

पडताळणीसाठी टाइम ऑफ फ्लाइट लावतात, म्हणजे कणाला ठराविक अंतर जायला किती वेळ लागला ते मोजतात. एक मीटर जायला गॅमाला ३.३ नॅनोसेकंद लागतात, १ एमईव्हीच्या न्यूट्रॉनला सुमारे ७२, त्यामुळे पीएसडीने ज्याला न्यूट्रॉन म्हटलं तो खरंच उशिरा आला का हे वेगळ्या वाटेने तपासता येतं.