लिनक्सवरचं गेमिंग

लिनक्सवरचं गेमिंग म्हणजे उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च असल्या कुठल्यातरी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर पीसी गेम खेळणं, विंडोजला हात न लावता. दहा-बारा वर्षांपूर्वी हा विषय काढला की लोक हसायचे, आणि हसण्यात त्यांची चूकही नव्हती, कारण तेव्हा लिनक्सवर खेळायला बसलेल्याची अख्खी संध्याकाळ ड्रायव्हरशी झटापट करण्यातच जायची आणि गेम राहायचा बाजूला. आता स्टीम या गेमच्या ऑनलाईन दुकानातले बहुतेक सिंगल प्लेयर गेम इन्स्टॉल करायचे आणि प्ले दाबायचं, चालतात. पण हे गेम कंपन्या लिनक्ससाठी गेम बनवायला लागल्या म्हणून झालेलं नाही हं. उलट त्यांनी बनवावेत ही आशा सोडून दिली आणि विंडोजचेच गेम आहेत तसे चालवून दाखवायचं ठरवलं, तेव्हा कुठे गाडं हललं.

तसं बघायला गेलं तर अँड्रॉइडचा कर्नलही, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा गाभाही, लिनक्सच आहे, म्हणजे एसटी स्टँडवर मोबाईल आडवा धरून बीजीएमआय खेळणारी पोरंही लिनक्सवरच खेळतायत, पण त्याला लिनक्स गेमिंग कोणी म्हणत नाही, त्यामुळे इथेही फक्त पीसीबद्दल.

सुरुवातीची वर्षं

लिनस टोरवाल्ड्सने कर्नल १९९१ ला बाहेर काढला आणि तीनच वर्षांत, १९९४ ला, आयडी सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलरने डूम हा कंपनीचा गाजलेला गेम लिनक्सवर आणला. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने डूमचा सोर्स कोड सगळ्यांसाठी मोकळा केला तोही लिनक्स आवृत्तीचा, कारण डॉस आवृत्तीत आवाजासाठी वापरलेली लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती, ती वाटता येत नव्हती.

१९९८ मध्ये स्कॉट ड्रेकरने लोकी सॉफ्टवेअर काढली. हिचा धंदा एकच, दुसऱ्यांचे गाजलेले विंडोज गेम घ्यायचे, लिनक्ससाठी पोर्ट करायचे, म्हणजे लिनक्सवर चालतील असे बदलायचे, आणि खोक्यात घालून विकायचे. १९९९ ला सिव्हिलायझेशन कॉल टू पॉवर आला, मग बाकीचे. काम चांगलं होतं पण गिऱ्हाईकच नव्हतं, ज्याला गेमची हौस त्याच्याकडे विंडोज होतंच, आणि तोच गेम वर्षभर उशिरा पूर्ण किमतीला कोण घेणार. जानेवारी २००२ मध्ये लोकीला टाळं लागलं. जाता जाता मात्र मागे एक फार मोठी गोष्ट राहिली ती म्हणजे एसडीएल. सॅम लँटिंगाने लिहिलेली ही लायब्ररी खिडकी उघडणं, कीबोर्ड, जॉयस्टिक, आवाज ही सगळी हमाली सांभाळते आणि आजही असंख्य गेमच्या पोटात आहे, विंडोजवरच्यासुद्धा. लँटिंगा पुढे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीत गेला.

वाईन

दुसरी वाट समांतर चालूच होती. १९९३ मध्ये वाईन नावाचा प्रकल्प सुरू झाला, १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार त्याचं काम बघतोय. वाईनमध्ये विंडोज नसतं आणि हा एम्युलेटरही नाही. विंडोजचा प्रोग्रॅम जेव्हा म्हणतो की मला फाईल उघडून दे, खिडकी काढून दे, तेव्हा मध्ये बसलेला हा दुभाष्या ती मागणी लिनक्सच्या भाषेत कर्नलला सांगतो आणि उत्तर परत आणतो. प्रोसेसर तोच असल्यामुळे मूळ कोड थेट चालतो, त्यात वेळ जात नाही. अडचण ही की विंडोजमध्ये असल्या मागण्या हजारो प्रकारच्या, त्यातल्या कितीतरी कुठे नीट लिहून ठेवलेल्याच नाहीत, म्हणून १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं, पंधरा वर्षं!

त्या काळात वाईनवर काउंटर स्ट्राईक १.६ बऱ्यापैकी चालायचा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टही चालायचा, पण प्रत्येक गेमचा तंत्र-मंत्र वेगळा. कुठली डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाईल) टाकायची, कुठली आवृत्ती, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) काय बदलायचं. पुढे लुट्रिससारख्या सॉफ्टवेअरने ही नुस्खेबाजी स्क्रिप्टमध्ये बांधून दिली आणि निदान तेवढी तरी डोकेदुखी कमी झाली.

व्हॉल्व्ह मध्ये पडलं

खरा फरक पडला तो पैसा आल्यावर. मायक्रोसॉफ्ट विंडोज ८ मध्ये स्वतःचं ॲप स्टोअर आणत होती, आणि ज्या कंपनीचं पोट विंडोजवर चालणाऱ्या स्टीम नावाच्या दुकानावर आहे तिच्या पोटात गोळा येणं साहजिकच होतं. त्या कंपनीचा, व्हॉल्व्हचा, प्रमुख गेब न्यूवेल २०१२ ला जाहीरपणे म्हणाला की विंडोज ८ ही पीसीच्या धंद्यातल्या सगळ्यांसाठी आपत्ती आहे. त्याच वर्षी कंपनीने सांगितलं की लेफ्ट फोर डेड २ लिनक्सवर ३१५ फ्रेम प्रति सेकंद देतोय आणि त्याच मशीनवर विंडोजवर २७० च्या आसपास. १४ फेब्रुवारी २०१३ ला लिनक्ससाठी स्टीम अधिकृतपणे आलं.

मग २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीम मशीन्स आली, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचे लिनक्सवाले पीसी, वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले. आपटली. कारण तेच जुनं, लोकीचं. ज्या गेमसाठी लोक पैसे टाकतात ते त्यावर नव्हतेच, आणि गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत. काही कंपन्या पोर्ट करत होत्या, फेरल इंटरॅक्टिव्हची पोर्ट तर फार छान असायची, पण सरसकट चित्र असं की पोर्ट उशिरा यायचं, अर्धवट सांभाळलं जायचं आणि कधी कधी काढूनच घेतलं जायचं. रॉकेट लीगने मार्च २०२० मध्ये लिनक्स आणि मॅक दोन्हीचा पाठिंबा बंद केला तेव्हा ज्यांनी पैसे देऊन घेतला होता ते बघत बसले. मला विचाराल तर नेटिव्ह, म्हणजे खास लिनक्ससाठी केलेल्या, पोर्टसाठी गळा काढण्यात आता फारसा अर्थ नाही, आजही कित्येक गेमची जुनी लिनक्स आवृत्ती टाकण्यापेक्षा विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर (व्हॉल्व्हने वाईनपासून बनवलेला संच, पुढे येतोच) चालवली तर जास्त नीट चालते.

प्रोटॉन आणि त्याच्या पोटातलं

प्रोटॉन २१ ऑगस्ट २०१८ ला आलं. व्हॉल्व्हने कोडवीव्हर्स या वाईनवाल्या कंपनीला हाताशी धरून वाईनचाच एक संच बनवला आणि तो स्टीमच्या आतच बसवला, म्हणजे वापरणाऱ्याला वाईन हे नावसुद्धा माहीत असायची गरज उरली नाही. पहिल्या दिवशी अधिकृत यादीत फक्त २७ गेम होते, पण सेटिंगमध्ये एक टिक केली की बाकीचे सगळे आपल्या जबाबदारीवर चालवून बघता यायचे, आणि लोकांनी ते धडाधड केलं. कुठला गेम कसा चालतो याच्या नोंदी गोळा करणारी प्रोटॉनडीबी त्याच वर्षी सुरू झाली, तिथे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि पार बिघडलेला अशा पायऱ्या आहेत, आणि अजूनही गेम विकत घ्यायच्या आधी लिनक्सवाला तिथे डोकावतोच.

यातला कळीचा भाग डीएक्सव्हीके. विंडोजचे गेम ग्राफिक्ससाठी डायरेक्टएक्स वापरतात, वाईन ते पूर्वी ओपनजीएलमध्ये बदलायचं आणि त्यात गेम रांगायला लागायचे. २०१६ मध्ये व्हल्कन हे नवं, हार्डवेअरच्या जास्त जवळ जाणारं ग्राफिक्सचं मानक आलं होतं. फिलिप रेबोले नावाच्या जर्मन प्रोग्रॅमरला नीअर ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डायरेक्टएक्स ११ चं थेट व्हल्कनमध्ये रूपांतर करणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं, आणि व्हॉल्व्हने त्याला पैसे देऊन त्याच कामावर बसवलं. एका माणसाला एक गेम खेळायचा होता यातून अर्धं जग खेळायला लागलं असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती आहे पण फार मोठी नाही. डायरेक्टएक्स १२ साठी असंच व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन आहे.

दुसरी किचकट जागा म्हणजे थ्रेड, एकाच प्रोग्रॅमची एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं. विंडोजवर गेमचे अनेक थ्रेड एकमेकांची वाट बघतात त्याची पद्धत वेगळी, लिनक्सवर वेगळी, आणि वाईनला दरवेळी मधल्या सर्व्हर प्रोसेसकडे हेलपाटा मारायला लागायचा. यासाठी चक्क कर्नलमध्येच बदल झाले, कर्नलच्या ५.१६ आवृत्तीत थ्रेडना वाट बघायला लावणाऱ्या फ्युटेक्सची नवी सोय आली, ६.१४ मध्ये त्याच कामासाठी एनटीसिंक नावाचा ड्रायव्हर आला. हे लक्षात घ्या की सर्व्हर आणि सुपरकॉम्प्युटर चालवणाऱ्या कर्नलमध्ये विंडोजचे गेम नीट पळावेत म्हणून कोड घातला जातोय, १९९४ ला हे कोणाला खरं वाटलं नसतं.

तिसरी गोष्ट ड्रायव्हर. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर मेसा या मुक्त प्रकल्पात आहेत, डिस्ट्रोसोबतच (म्हणजे उबुंटू, फेडोरा असल्या लिनक्सच्या तयार संचासोबतच) येतात, वेगळं काही टाकायला लागत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बंदिस्त, आणि २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमधला भाग तरी खुला केला, हल्ली परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे.

स्टीम डेक

फेब्रुवारी २०२२ ला व्हॉल्व्हने स्टीम डेक आणला, हातात धरून खेळायचा पीसी, आत एएमडीची चिप, १६ जीबी रॅम, १२८० बाय ८०० चा स्क्रीन आणि आर्च लिनक्सवर बांधलेली स्टीमओएस ३. स्टीम मशीन जिथे पडलं तिथे हा चालला, कारण यावेळी गेमची यादी पहिल्या दिवसापासून भरलेली होती. डेक वापरणाऱ्या कित्येकांना आपण लिनक्स वापरतोय याचा पत्ताही नसतो. २०२२ ला एल्डन रिंग आला तेव्हा विंडोजवर तो अडखळत होता आणि व्हॉल्व्हने प्रोटॉनमध्ये लगेच दुरुस्ती करून डेकवर तो अडखळणं कमी केलं, हा प्रसंग लिनक्सवाले अजून मिटक्या मारत सांगतात. भारतात डेक अधिकृतपणे विकायला आणला गेला नाही, इथले डेक बाहेरून आणलेले किंवा ग्रे मार्केटमधले, किंमत अव्वाच्या सव्वा आणि वॉरंटीच्या नावाने शंख. म्हणून इकडे बरेच जण साध्या पीसीवर तसाच अनुभव देणारं, फेडोरावर बांधलेलं बझाइट टाकतात. आर्चवरचं कॅचीओएसही बरंच चालतं.

स्टीमच्या स्वतःच्या सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. त्याच महिन्यात विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा संपला.

अँटी-चीट

आता जिथे खरंच अडतं तिथे येऊ. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाईट नाही, पीसीवरचा पबजी नाही, बॅटलफील्ड ६ नाही. आपल्याकडे कॉलेजच्या पोरांमध्ये व्हॅलोरंट केवढा खेळला जातो हे बघता कित्येकांचा लिनक्सचा विचार इथेच संपतो.

ही अडचण ग्राफिक्सची किंवा वाईनची नाही. चीट, म्हणजे खेळातली लबाडी, पकडणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतं, रायटचं व्हॅनगार्ड तर मशीन चालू होतानाच सुरू होतं, आणि वाईनमध्ये विंडोजचा कर्नलच नाही तर ते बसणार कुठे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ ला प्रोटॉनसाठी सोय करून दिली, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात, आणि बऱ्याच जणांनी केलीच नाही. त्यांचं म्हणणं असं की लिनक्सवर वापरणारा कर्नल स्वतः बदलू शकतो, मग तिथून येणाऱ्या माहितीवर भरवसा कसा ठेवायचा. मुद्दा अगदीच खोटा नाही. पण विंडोजवर चीट करणारे काय कमी आहेत, हेही तेवढंच खरं.

त्यातही जे चालत होतं ते बंद पडतं याचा राग जास्त येतो. लीग ऑफ लेजंड्स वर्षानुवर्षं वाईनवर चालायचा, २०२४ ला व्हॅनगार्ड आलं आणि संपलं. त्याच वर्षी जीटीए ऑनलाईनमध्ये बॅटलआय आलं, डेकवाले बाहेर. ऑक्टोबरच्या शेवटी एपेक्स लेजंड्सने लिनक्सला बंदी केली. याउलट डोटा २ आणि काउंटर स्ट्राईक २ व्हॉल्व्हचेच, ते नेटिव्ह चालतात.

कधी कधी चूक लिनक्सच्या बाजूचीही असते. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या २.३६ आवृत्तीत एक जुना भाग बाय डिफॉल्ट काढला गेला आणि ईझी अँटी-चीटवाले गेम उघडेनात. तेव्हापासून लिनक्सवर सगळ्यात टिकाऊ पाया विंडोजच्या एपीआयचाच (प्रोग्रॅमने सिस्टीमकडे मागण्या करायच्या ठरलेल्या पद्धतीचाच) आहे हा विनोद जास्तच ऐकू येतो, आणि त्यात विनोद थोडाच आहे.

पूर्ण मुक्त गेम

ज्यांचा कोडही मुक्त आहे असे गेम वेगळे. सुपरटक्सकार्ट, बॅटल फॉर वेसनॉथ, झिरो एडी, ओपनटीटीडी, फ्रीसिव्ह, झोनॉटिक. जुन्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या लॅपटॉपवरही यातले बरेच पळतात. लहान मुलांसाठीच्या जीकॉम्प्रीसाठी मराठी आवाजाच्या फाईलीही आहेत, डेबियनमध्ये त्यांचं वेगळं पॅकेज मिळायचं. घरात पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर जरूर टाका.

सुरू करणाऱ्यांसाठी

लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया असे दोन जीपीयू असतील तर गेम कधी कधी गुपचूप इंटेलवर सुरू होतो आणि माणूस लिनक्सला शिव्या घालतो, तेव्हा आधी ते तपासा. विंडोजच्या डी ड्राईव्हवरचे, म्हणजे एनटीएफएसवरचे गेम तिथूनच चालवायचा मोह टाळा, प्रोटॉन फोल्डरच्या नावात कोलन वापरतं आणि विंडोजला ते चालत नाही, मग फाईल सिस्टीम बिघडते, त्यापेक्षा ईएक्सटी४ चं पार्टिशन करून परत डाऊनलोड करा. एपिक आणि जीओजी या स्टीमसारख्याच दुकानांतले गेम हिरॉइक लाँचरमधून चालतात.

व्हॅलोरंटसाठी विंडोज ठेवायचंच असेल तर ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम, करता येतं, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली सिस्टीम उघडू न देणारी सोय, चालू लागतं. उबुंटू आणि फेडोरा सिक्युअर बूटमध्ये उघडतात, आर्चवाल्यांना किल्ल्या स्वतः बसवून सही करावी लागते, आणि एनव्हिडियाचं मॉड्यूलही सही केलेलं लागतं नाहीतर लोडच होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स सिक्युअर बूटमध्ये उघडेनासं झालं होतं, म्हणून जमत असेल तर दोन्ही सिस्टीम वेगवेगळ्या एसएसडीवर टाका आणि लिनक्सची पेनड्राईव्ह करून ड्रॉवरमध्ये ठेवा.