पहिला रोबोट बनवताय? आधी हे वाचा

नौपाड्यातल्या आमच्या दुकानात नव्याने येणाऱ्यांची पहिली मागणी बहुतेक वेळा एकच असते: "रोबोटचा पूर्ण किट द्या." कधी आई-बाबा सातवी-आठवीतल्या मुलीला घेऊन आलेले असतात, कधी नुकतेच निवृत्त झालेले काका असतात. आम्ही किट लगेच काढत नाही. तुमच्या रोबोटने नेमकं काय करायला हवं, हे आधी विचारतो. कारण चाळीस सुट्या वस्तूंचा डबा घरी गेला की त्यातल्या पाच-सहाच वापरल्या जातात आणि बाकीचा डबा माळ्यावर जातो.

पहिला रोबोट म्हणजे दोन चाकांची गाडी, एवढंच ठरवा. हात, कॅमेरा, मोबाइलवरून चालवणं हे सगळं नंतर. गाडीला एक अर्डुइनो उनो बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा, गाडीचा मेंदू), चाकांसकट दोन पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटर, पुढे एक फिरतं छोटं चाक, एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमाने बॅटरीचा करंट मोटरला देणारा), सेलचा डबा आणि जंपर वायरी (जोडणीच्या सुट्या तारा) लागतात. सांगाड्यासाठी घरातला जाड पुठ्ठाही चालतो, पैसे खर्च करायची गरज नाही.

अर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात, डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यालाही तो जमतो तो म्हणूनच. त्याची रचना सगळ्यांसाठी खुली असल्याने अनेक कंपन्या तसेच बोर्ड बनवतात आणि ते उत्तम चालतात. फक्त स्वस्त बोर्डावर बऱ्याचदा सीएच३४० नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर टाकावा लागू शकतो. आणि यूएसबी केबल नीट पाहून घ्या. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागतो पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही, आणि माणूस दोन दिवस सेटिंग बदलत बसतो.

आधी पोटोबा, मग विठोबा

आमच्याकडे "चालत नाही" म्हणून परत येणाऱ्या गाड्यांमध्ये प्रोग्रॅमची चूक कमी आणि बॅटरीची जास्त असते. लक्षण ठरलेलं आहे. बोर्डावरचा दिवा छान लागलेला असतो. मोटर सुरू व्हायच्या क्षणी तो मंद होतो, चाक जरासं थरथरतं, आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. परत तेच. मूल रडकुंडीला येतं, कारण प्रोग्रॅम तर शंभर वेळा तपासलेला असतो.

बहुतेक वेळा कारण असतं ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. ती मल्टिमीटरसारख्या (व्होल्टेज वगैरे मोजायचं यंत्र) थोडाच करंट घेणाऱ्या वस्तूंसाठी असते. मोटर थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेवढा या बॅटरीतून निघत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. शंका असेल तर मल्टिमीटरच्या दोन्ही पिना बॅटरीला लावून ठेवा आणि मोटर सुरू करा. आकडा खाली जाताना डोळ्यांनी दिसेल. म्हणूनच आम्ही सांगतो, दुसरा सेन्सर घेण्याआधी काहीशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घ्या.

एल२९८एन स्वतःही साधारण २ व्होल्ट खातो. म्हणून मुलांसाठी आम्ही पेन्सिल सेलच्या आकाराचे ६ रीचार्जेबल सेल सुचवतो: प्रत्येकी १.२, म्हणजे एकूण ७.२ व्होल्ट. त्यातून मोटरला ५ व्होल्टच्या आसपास मिळतात, तेवढ्यात ती छान पळते. १८६५० लिथियम सेल जास्त ताकदीचे आहेत, पण शॉर्ट झाले तर आग लागू शकते. वेष्टण फाटलेला सेल वापरू नका आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते आम्ही देतच नाही.

जोडणीत दोन गोष्टी पक्क्या ठेवा. मोटर थेट बोर्डाच्या पिनला कधीही लावू नका. पिनवर २० मिलिअँपिअरपर्यंतच भार टाकायचा असतो आणि मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून तर मध्ये ड्रायव्हर असतो. दुसरं, बॅटरी, ड्रायव्हर आणि बोर्ड या तिघांचं ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडलेलं हवं. ती एक वायर राहिली तर मोटर मनाला येईल तशी वागते किंवा हलतच नाही.

गाडी सरळ धावली की

आधी एकच चाक फिरवा, मग दोन्ही. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे जमलं की मगच सेन्सर. आमची पसंती एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरला. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ सांगतो. मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. भिंत १ मीटरवर असेल तर आकडा ५८०० च्या जवळपास येतो. टेपने मोजून ताळा करा, मुलांना ही गंमत फार आवडते. पडद्यासमोर मात्र चाचणी करू नका, कापड आवाज शोषून घेतं.

काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी करणार असाल, तर ती खिडकीपासून दूर चालवा. पट्टी ओळखणारा सेन्सर इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो. उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यामुळे तो फसतो.

पूर्वी एका जंपर वायरसाठीही दादरला लोकल बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारासाठी लॅमिंग्टन रोड गाठायचा, असं होतं. आता सुटी वायरसुद्धा इथे मिळेल. गाडी अडली तर घेऊन या, तपासणीचे पैसे नाहीत. फक्त वायरी काढून पिशवीत भरू नका. जशा जोडल्या आहेत तशाच, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून आणा, आणि ज्या सेलवर ती अडली तेच सेल सोबत असू द्या.