कॉन्फिग फाइल नेमकी असते कुठे? पॅकेज मॅनेजरच्या सेटिंग्जमागचा इतिहास

पॅकेज मॅनेजर म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा आणि अपग्रेड करणारा प्रोग्राम. त्याची एखादी सेटिंग बदलायची म्हटलं, की बदल करायला मिनिटभर लागतं आणि ती सेटिंग लिहिलेली कॉन्फिग फाइल शोधायला अर्धा तास. डेबियन लिनक्सच्या एपीटीची एका जागी, पायथनच्या पिपची दुसऱ्या, जावास्क्रिप्टच्या एनपीएमची तर एकाच मशीनवर तीन-चार ठिकाणी. हा पसारा कुणी ठरवून मांडलेला नाही, तो साचत गेला आहे. कुठला थर कधीचा हे माहीत असलं, की फाइल कुठे सापडेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

सगळ्यात खालचा थर युनिक्सचा, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बेतली त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. तिथली 'इटीसी' डिरेक्टरी नावाप्रमाणेच 'इत्यादी' होती. जे दुसरीकडे बसत नाही ते इथे. हळूहळू ती अख्ख्या मशीनच्या सेटिंग्जची हक्काची जागा झाली आणि लिनक्सच्या फाइलरचनेचं मानक 1994 मध्ये आलं तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झालं. होम डिरेक्टरीतल्या, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरातल्या, लपलेल्या फाइलींचा उगम मात्र गमतीचा आहे. युनिक्सवर काम केलेले प्रोग्रामर रॉब पाइक यांनी सांगितल्याप्रमाणे फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' कमांडला फक्त टिंब (हेच फोल्डर) आणि दोन टिंबं (वरचं फोल्डर) या दोन नोंदी वगळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने सोपं म्हणून पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं, आणि टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल दिसेनाशी झाली. लोकांना तेच सोयीचं वाटलं. अशा फाइलींच्या नावाअखेरीस येणारं 'आरसी' त्याहून जुनं आहे. ते 1960 च्या दशकातल्या एमआयटीच्या सीटीएसएस या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या 'रनकॉम' (रन कमांड्स) वरून आलं.

पॅकेज मॅनेजर आले आणि एक नवाच पेच उभा राहिला. पॅकेजसोबत आलेली कॉन्फिग फाइल तुम्ही बदललीत, मग अपग्रेड आलं. आता ती फाइल कुणाची? एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या डेबियनच्या डीपीकेजीने काढलेला तोडगा मला अजूनही सगळ्यांत सभ्य वाटतो. तो मूळ फाइलचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, जपून ठेवतो. तुम्ही हात लावला नसेल तर नवी फाइल गुपचूप बसवतो. दोन्हीकडून बदल झाला असेल तर थांबून विचारतो, आणि नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच फाइल राहते. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवरचा आरपीएम विचारत बसत नाही. पॅकेज बनवणाऱ्याने ठरवल्याप्रमाणे तो एकतर नवी फाइल 'आरपीएमन्यू' शेपटी लावून बाजूला ठेवतो किंवा तुमची 'आरपीएमसेव्ह' म्हणून. आर्च लिनक्सच्या पॅकमनमधली 'पॅकन्यू' त्याच वळणाची.

तरी एकाच फाइलवर सगळ्यांनी हात मारायचा ही अडचण होतीच. तिच्यातून 'डॉट डी'ने संपणारे फोल्डर आले. एपीटीच्या मुख्य फाइलीला न शिवता 'एपीटी डॉट कॉन्फ डॉट डी'मध्ये स्वतःची छोटी फाइल टाकायची. या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून नावाआधी 20, 50, 99 असे आकडे दिसतात. मागाहून वाचलेलं आधीच्यावर मात करतं. 'एपीटी डॉट कॉन्फ' ही मुख्य फाइल असेल तर तिचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो, आणि इथेच अनेकजण फसतात.

पिप 2008 चा, एनपीएम 2010 चा. यांना रूटचा, म्हणजे अख्ख्या मशीनवरचा, अधिकार गृहीत धरता येत नव्हता, त्यामुळे सेटिंग वापरकर्त्याच्या घरात आणि पुढे प्रोजेक्टच्या फोल्डरात उतरली. एनपीएम चार पातळ्यांवर फाइली पाहतो: प्रोजेक्ट, वापरकर्ता, मशीनभर आणि स्वतःसोबत आलेली. जितकी जवळची तितकी वरचढ. प्रोजेक्टमधल्या 'एनपीएमआरसी' या फाइलीत टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) लिहून ती कोडसोबत गिटमध्ये ढकलण्याची चूक याच सोयीची दुसरी बाजू.

दरम्यान होम डिरेक्टरीत टिंबवाल्या फाइलींची गर्दी झाली होती. लिनक्स डेस्कटॉपसाठी मानकं ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाच्या 2003 च्या एक्सडीजी मानकाने त्यांना 'डॉट कॉन्फिग' या एकाच फोल्डरात बोलावलं. पिप तिकडे गेला, पण जुन्या जागेवरची फाइलही अजून वाचतो. एनपीएम गेलाच नाही.

म्हणून हाताने शोधण्यापेक्षा टूललाच विचारावं. 'पिप कॉन्फिग डीबग' कुठकुठल्या जागा पाहिल्या ते दाखवतं, 'एपीटी-कॉन्फिग डंप' प्रत्येक सेटिंगचं शेवटी लागू झालेलं मूल्य. फाइल बरोबर असूनही जुनंच मूल्य चालत असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे फाइलीबाहेर टर्मिनलमध्ये ठरवून ठेवलेलं मूल्य, तपासा. पिप आणि एनपीएम दोघेही त्याला फाइलीपेक्षा वरचं मानतात, आणि ते बहुधा कधीतरी टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या 'बॅशआरसी' फाइलीत लिहून विसरलेलं असतं.