क्सेनाकिस, यानिस

(२९ मे १९२२ – ४ फेब्रुवारी २००१). ग्रीक-फ्रेंच संगीतकार, स्थापत्य अभियंता व वास्तुरचनाकार. संभाव्यतेच्या गणिताने वाद्यवृंदाची रचना बांधणाऱ्यांत त्यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. जन्म रुमानियातील ब्राइला या बंदरगावी, ग्रीक कुटुंबात. ते पाच वर्षांचे असताना आई वारली. दहाव्या वर्षी त्यांना ग्रीसमधील स्पेत्सेस बेटावरच्या निवासी शाळेत घातले. अथेन्सच्या तंत्रविद्यापीठातील शिक्षण महायुद्धामुळे वारंवार खंडित झाले आणि ते जर्मनविरोधी प्रतिकार चळवळीत उतरले. जर्मन गेल्यावर शहरात ब्रिटिश सैन्याशी लढाई पेटली. तीत जानेवारी १९४५ मध्ये तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा डावा डोळा गेला. १९४७ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी बनावट पासपोर्टवर ते इटलीमार्गे पॅरिसला पोहोचले. ग्रीसमध्ये त्यांना गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला गेला. लष्करी राजवट कोसळल्यावर १९७४ मध्येच ते मायदेशी जाऊ शकले.

पॅरिसमध्ये वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात ते आधी काँक्रीटच्या बांधकामाची आकडेमोड करत. पुढे आराखडेही करू लागले. संगीत शिकण्यासाठी ते फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांच्याकडे गेले. हार्मनीचे (स्वरमेळाचे) धडे पहिल्यापासून गिरवण्याऐवजी आपल्याला येते ते गणित आणि वास्तुकलाच संगीतात वापरा, असा सल्ला मेसियाँ यांनी दिला. शिक्षकाने दिलेला इतका नेमका सल्ला विसाव्या शतकाच्या संगीतात क्वचितच सापडेल.

‘मेतास्तासिस’ (१९५३–५४) ही त्यांची पहिली महत्त्वाची रचना. ती १९५५ मध्ये जर्मनीतील डोनाउएशिंगेन येथे प्रथम वाजली. वादक ६१, त्यांपैकी ४६ तंतुवाद्यांचे, आणि त्या प्रत्येकाची ओळ वेगळी. सुरुवातीला सगळी तंतुवाद्ये एकाच स्वरावर असतात. तिथून प्रत्येक वादक आपापल्या वेगाने मींड घेत वेगळ्या स्वराकडे सरकतो. हे आधी आलेख कागदावर काढलेले होते : आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर स्वराची उंची, आणि रेषेचा चढ म्हणजे मींडेचा वेग. अनेक सरळ रेषा शेजारी शेजारी मांडल्या की त्यांतून वक्र पृष्ठभाग उभा राहतो. हीच भूमिती त्यांनी १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातील फिलिप्स कंपनीच्या दालनाच्या खोगिरासारख्या भिंतींना दिली.

वादनात बहुधा इथेच गडबड होते. स्वर एकसारख्या वेगाने चढवायचा तर बोट एकसारख्या वेगाने सरकवून चालत नाही. मोकळ्या तारेवर पहिल्या सप्तकासाठी अर्धी तार ओलांडावी लागते, पुढच्या सप्तकाला फक्त पाव. म्हणून वर जाताना हात मंदावला पाहिजे. तो मंदावला नाही, किंवा वादक बराच वेळ आधीच्या स्वरावर थांबून शेवटी झटक्यात सरकला, तर सरळ रेषेचा बाक होतो आणि ४६ जणांचा मिळून होणारा पृष्ठभाग विस्कटतो.

जमावाच्या घोषणा लाटेसारख्या पसरतात आणि गोळीबार सुरू होताच त्यांची लय फुटते, हे क्सेनाकिस यांनी अथेन्सच्या रस्त्यावर ऐकले होते. अशा वेळी एकेक आवाज वेगळा मोजून काही हाती लागत नाही. समूहाची घनता कशी बदलते, हे पाहावे लागते. त्यासाठी त्यांनी ‘पिथोप्राक्ता’मध्ये (१९५५–५६) वायूच्या रेणूंच्या वेगांचे वितरण मींडेच्या वेगांना लावले.

‘आखोरिप्सिस’ (१९५७) या २१ वाद्यांच्या रचनेत पद्धत सर्वांत स्पष्ट दिसते. सात मिनिटांचे प्रत्येकी १५ सेकंदांचे २८ स्तंभ आणि ७ नादगटांच्या ७ ओळी, अशी १९६ घरे. तंतुवाद्ये मींड, छेड व गज अशा तीन वेगळ्या ओळींत येतात. एका घरात सरासरी ०.६ घटना (घटना म्हणजे नादांच्या घनतेचे एकक) धरून, विरळ घटना किती वेळा घडतील हे सांगणारे प्वासाँचे सूत्र लावले की १०७ घरे रिकामी राहतात. ६५ घरांत एक, १९ घरांत दोन, ४ घरांत तीन आणि एकाच घरात चार घटना येतात. कोणते घर कुठे ठेवायचे आणि घरातले स्वर कसे मांडायचे, यांत मात्र गणिताने घातलेल्या मर्यादेत संगीतकाराचा हात फिरतोच. त्यांच्या संगीताला निव्वळ आकडेमोड म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच सुटते.

१९६२ मध्ये ही आकडेमोड त्यांनी पॅरिसमध्ये आयबीएम ७०९० या संगणकावर करून घेतली आणि ‘एसटी’ (‘स्टोकॅस्टिक’, म्हणजे संभाव्यतेवर आधारलेल्या) मालिकेतील रचना निर्माण झाल्या. १९६५ मध्ये त्यांना फ्रेंच नागरिकत्व मिळाले. ‘पर्सेफासा’मध्ये (१९६९) सहा तालवादक श्रोत्यांभोवती बसतात, नाद एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. म्हणून सभागृहात खुर्च्या नेहमीसारख्या मंचाकडे तोंड करून मांडल्या, तर रचनेचा अर्धा परिणाम हरवतो.

१९७७ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या पॅरिसच्या संगीत-संशोधन केंद्रात ‘यूपिक’ हे यंत्र तयार झाले. मोठ्या पाटावर विद्युतचुंबकीय लेखणीने रेघ ओढायची : आडवी दिशा काळाची, उभी स्वराची. तरंगाचा आकार आणि आवाजाचा चढउतारही हातानेच काढायचा. मग संगणक त्याचा नाद करून ऐकवतो. संपूर्णपणे यावर केलेली त्यांची पहिली रचना ‘मिसेन आल्फा’ (१९७८). स्वरलिपी न येणारी मुलेही या पाटावर रचना करू शकत.