साठ अंशांचा झोका आणि दोन उत्तरं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि गावाबाहेरच्या निंबाला झोके बांधले जातात. यंदा बारावीतल्या भाचीने दोर ओढून बघत विचारलं, "मामा, झोका जोरात घ्या नाहीतर हळू, एका फेरीला वेळ सारखाच ना? पुस्तकात तसंच आहे." आहे खरं. फक्त ते लहान कोनापुरतं आहे, आणि ही अट परीक्षेनंतर सगळेच विसरतात. आखाजीच्या झोक्याला लहान कोन कुठला माहीत!

   

तर हिशेब. फांदीपासून बसणाऱ्यापर्यंत ५ मीटर धरले. शाळेच्या लोलकाच्या सूत्राने फेरीला ४.४९ सेकंद. झोका उभ्या रेषेपासून ६० अंश चढला, तर ते सूत्र पुरत नाही. तिथे इलिप्टिक इंटिग्रल लागतं, म्हणजे साध्या सूत्रात न मावणारं एक संकलन. त्याला द्यायचा आकडा म्हणजे निम्म्या कोनाची साइन. साइन ३०, म्हणजे ०.५.

माझ्या लॅपटॉपवर दोन फुकट प्रोग्राम आहेत. मॅक्सिमा, म्हणजे एमआयटीत १९६० च्या दशकात सुरू झालेल्या 'मॅकसिमा'चा वारस, बीजगणितात तरबेज. आणि फ्रान्सच्या बोर्दो विद्यापीठातला पारी, आकड्यांत पटाईत. दोघांमध्ये मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला एक दुभाषा बसवला आहे. तो एकाला मजकूर टाइप करून दिल्यासारखा पाठवतो आणि उत्तर वाचून दुसऱ्याकडे नेतो. या दुभाष्याची दुखणी खूप. मॅक्सिमाला ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला नाही, तर तो मुकाट बसून राहतो. पाय (π) हा स्थिरांक मॅक्सिमाला टक्क्याचं चिन्ह लावून द्यावा लागतो, पारीला कॅपिटल अक्षराने. त्यात मॅक्सिमा मधेच उलट प्रश्न विचारतो: "हा 'ए' धन की ऋण?" दुभाषा उत्तराची वाट बघतोय, मॅक्सिमाही उत्तराची वाट बघतोय. दोघं बसले आहेत.

पण ही दुखणी निदान दिसतात. त्या दिवशी काहीच अडलं नाही. दोघांना ०.५ दिला, दोघांनी चटकन उत्तर दिलं. पारीच्या आकड्यावरून फेरी ४.८२ सेकंदांची, मॅक्सिमाच्या आकड्यावरून ५.३० ची.

खरं कोणाचं? इथे मला माझी सर्वांत आवडती युक्ती काढता आली. गणितज्ञ गाऊसला तरुणपणी ती फार प्रिय होती, आणि तिला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. दोन आकडे घ्या: १ आणि निम्म्या कोनाची कोसाइन, म्हणजे ०.८६६०२५. त्यांची सरासरी काढा: ०.९३३०१३. त्यांचा गुणोत्तर मध्य, म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ, काढा: ०.९३०६०५. आता या दोघांना घेऊन पुन्हा तेच. सरासरी ०.९३१८०९, गुणोत्तर मध्य ०.९३१८०८. दोनच फेऱ्यांत दोघं पाचव्या दशांशापर्यंत एक झाले! प्रत्येक फेरीला जुळणारे दशांश साधारण दुप्पट होतात. शाळेच्या उत्तराला या आकड्याने भागा: ४.४९ भागिले ०.९३१८, म्हणजे ४.८२. इलिप्टिक इंटिग्रलचं नावही न घेता.

म्हणजे मॅक्सिमा चुकला? नाही. या इंटिग्रलला आकडा देण्याच्या दोन रीती आहेत. गणितज्ञ याकोबीने १८२९ साली वापरलेला 'के' हा एक, आणि त्याचा वर्ग 'एम' हा दुसरा. पारी 'के' मागतो, मॅक्सिमा 'एम'. मॅक्सिमाला ०.२५ द्यायला हवे होते. मी ०.५ दिले, तर त्याने ज्याच्या साइनचा वर्ग ०.५ आहे तो कोन, म्हणजे ४५ अंश, निम्मा कोन समजून घेतला. माझा ६० अंशांचा झोका त्याने ९० अंशांवर, फांदीच्या उंचीला नेला आणि त्याचं उत्तर अगदी अचूक दिलं.

मला लागलेली गोष्ट वेगळीच. दुभाषा लिहिताना मी या इंटिग्रलची चाचणी घेतली होती. शून्य दिलं: दोघांकडून १.५७०८, पायचा निम्मा. एक दिला: उत्तर अनंतात जातं, दोघांनी हात वर केले. जुळलं म्हणून मी खूश. पण स्वतःच्या वर्गाएवढे असणारे आकडे दोनच, शून्य आणि एक! नेमके तेच दोन मी निवडले होते. चाचणीला सोपे म्हणून कोणीही तेच निवडेल.

भाचीला ४.४९ आणि ४.८२ सांगितले. फेरीमागे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचा फरक. तिने फोनवर व्हिडिओ घेतला आणि फ्रेम मोजायला बसली. पहिल्याच फेरीनंतर झोका उतरायला लागला होता, म्हणून बहिणीला पुन्हा पुन्हा झोका चढवायला लावला. दुभाष्याच्या चाचणीत आता ०.५ आहे, शेजारी १.६८५८ लिहिलं आहे, आणि मॅक्सिमाकडे जाणाऱ्या ओळीत वर्ग करून पाठवतो.