फोटोत आपलं तोंड वाकडं का दिसतं?

परवा लक्ष्मी रोडला भाचीचा पासपोर्ट फोटो काढायला गेले होते, तिने फोटो हातात घेतला आणि तिचा चेहराच पडला, "मावशी, माझं तोंड असं वाकडंय?" मला तर फोटोत जशीच्या तशी तीच दिसत होती.

मला 'फनी फेस' हा सिनेमा आठवला, १९५७ चा, स्टॅन्ली डोननने दिग्दर्शित केलेला. पुस्तकांच्या दुकानात काम करणारी ऑड्री हेपबर्न आणि तिला मॉडेल करायला निघालेला फॅशन फोटोग्राफर फ्रेड अस्टेअर. लोकांच्या लक्षात राहतो तो फॅशन डिझायनर जिव्हाँशीचा लाल गाऊन घालून पॅरिसच्या लूव्हर म्युझियमच्या जिन्यावरून ती उतरते तो सीन, पण मला जास्त आवडतो डार्करूमचा, म्हणजे फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीतला. लाल उजेडात तो तिच्या चेहऱ्याची मोठी प्रिंट काढतोय आणि ती म्हणते माझा चेहरा विचित्र आहे, त्याला ते अजिबात पटत नाही. (दिवा लाल का, तर प्रिंटच्या कागदावरच्या सिल्व्हर ब्रोमाइड या रसायनावर निळ्या उजेडाचा परिणाम होतो, लाल उजेडात तेवढी ऊर्जाच नसते, म्हणून कागद खराब होत नाही.)

आता गंमत अशी की दोघंही खरंच बोलतायत! आपण आपला चेहरा जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उलटा. भाचीची चमकी डाव्या नाकपुडीत आहे, आरशात तिला ती डावीकडेच दिसते, मला आणि कॅमेऱ्याला उजवीकडे. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो, त्यामुळे बाजू बदलली की तो परका वाटतो.

१९७७ मध्ये मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी अमेरिकेत विद्यार्थिनींचे फोटो घेतले, प्रत्येकीची एक सुलट प्रिंट, एक आरशासारखी उलट. स्वतः मुलींना जास्त करून उलट आवडली, मैत्रिणींना सुलट. म्हणजे जिला जी बघायची सवय, तिला ती आवडली. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच हे मांडलं होतं, त्याने लोकांना अर्थ नसलेले शब्द, चिनी लिपीसारखी अक्षरं परत परत दाखवली, जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. चेहरा आवडण्यात नाकडोळ्यांइतकाच सवयीचाही हात असतो असं मला तरी मनापासून वाटतं.

घरी आल्यावर मोबाईलमध्ये तोच फोटो उलटा करून भाचीला दाखवला. "हा बघ, हा छान आलाय," म्हणाली लगेच. मला मात्र चमकी भलत्याच बाजूला दिसत होती.